पट्टीखालची चार बोटं

आमच्या गावाशेजारी पांढर आहे. पांढर म्हणजे फार जुन्या वस्तीचं टेकाड. नांगर फिरवला तर खापरं निघतात, म्हणून तिथं कोणी पेरत नाही. १९८७ साली धरणाची भिंत पुरी होत आली आणि पुढच्या पावसाळ्यात पांढर पाण्याखाली जाणार असं ठरलं. त्याआधी तिचा नकाशा काढायला जळगावहून देवचंद साहेब आले. आधी नकाशा, मग दोन-तीन खड्डे घेऊन खाली काय आहे ते बघायचं, असं त्यांचं काम होतं.

मला पट्टी धरायला ठेवलं. पांढरीवर दोन-दोन मीटरवर खुंट्या ठोकल्या होत्या. प्रत्येक खुंटीपाशी मी आकड्यांची उंच पट्टी जमिनीवर टेकवून सरळ उभी धरायची आणि साहेब लांबून दुर्बिणीतून आकडा वाचायचे. आकडा जितका कमी, तितकी जमीन उंच. एवढं मला पहिल्याच दिवशी समजलं. माझ्याबरोबर भावकीतला दिवल्या होता. तो दोरी ओढायचा आणि चेष्टा करायचा.

"काय रे चैत्राम, तुनी बाई शे का ती पट्टी? इतली संभाळी धरस!"

बोलून गेला आणि लगेच मान खाली घालून दोरी गुंडाळायला लागला. माझी बायको रुपली जाऊन तीन वर्षं झाली होती. साधा ताप होता. शिरपूरला नेलं, त्यांनी धुळ्याला न्या म्हणून सांगितलं. धुळ्याच्या वाटेवरच ती गेली. परत आणली तर नाल्याला पूर, आणि आमची पुरायची जागा नाल्यापलीकडे. दोन दिवस पाणी उतरलं नाही. शेवटी पांढरीच्या कडेला तिला एकटीलाच पुरलं. वर ठेवलेले दगड मेंढरंवाल्यांनी चुलीला नेले. जमीन सपाट झाली. मी बाभळीच्या खोडापासून सात पावलं मोजून ठेवली होती, तीच खूण.

तिसऱ्या दिवशी खुंट्यांची रांग तिथपर्यंत आली. एक खुंटी नेमकी सात पावलांवर होती. पट्टीला खाली लोखंडी बूड असतं. ते मला तिच्यावर टेकवता येईना. साहेब लांब होते, मध्ये गवत होतं. मी माझा पाय पुढे केला आणि पट्टी पायावर उभी केली.

"हलवू नको," साहेब ओरडले. आकडा लिहिला. मी पुढच्या खुंटीकडे गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी मला टेबलाशी बोलावलं. कागदावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा काढल्या होत्या. कडेच्या सगळ्या रेषा लांब आणि सरळ होत्या. एका ठिकाणी मात्र लहानसं गोल कडं होतं.

"बघ, सगळं सपाट आणि इथेच चार बोटं वर. खाली भिंत असणार, नाहीतर भट्टी. उद्या पहिला खड्डा इथेच."

ती चार बोटं माझ्या पायाची होती.

घरी जाताना दिवल्या म्हणाला, "सांगी टाक भो."

सांगायचं कसं? एक आकडा खोटा म्हटला तर साहेब सगळेच खोटे म्हणतील. सकाळी मी गेलो तोवर साहेबांनी त्या जागेभोवती चौकोनी दोरी लावली होती. दिवल्या कुदळ घेऊन उभा होता, पण मारत नव्हता. मी दोरीच्या आत जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं.

साहेबांनी वही उघडून तो आकडा पाहिला. मग विचारलं, "बाकी सगळीकडे पट्टी जमिनीवरच होती?"

"जमिनीवरच, साहेब. हिच्यापाशीच नाही."

त्यांनी स्वतः दोरी सोडली. "खड्डा इथे नाही घेणार. पण चुकीचा आकडा कागदावर ठेवता येत नाही. परत घ्यावा लागेल."

"दिवल्याला धरू द्या."

दिवल्या मागे सरला. "मी नाही धरणार साहेब. मनी वहिनी व्हती ती."

दुर्बिणीपाशी साहेबच हवे होते. आणखी माणूस नव्हतं. मी पट्टी घेतली आणि बूड जमिनीवर टेकवलं. माती मऊ होती.

"दाबू नको, नुसती टेकव."

"नुसतीच टेकवली आहे, साहेब."

त्यांनी आकडा वाचला आणि टेबलाशी जाऊन खोडरबराने ते कडं पुसलं. तिथून एक सरळ रेषा नेली.

"तिथं काही लिहिता येईल का?" मी विचारलं.

"हा जुन्या वस्तीचा नकाशा आहे, चैत्राम," ते हळू म्हणाले. "काय म्हणून लिहू?"

मी पट्टी पुसून ठेवली.

पुढच्या वर्षी पाणी चढलं. बाभळीचं खोड बरेच दिवस वर दिसत होतं. मी रोज काठावर जायचो. मग तेही बुडालं. सात पावलं मला पाठ आहेत, पण कुठून मोजायची ते आता कळत नाही.