उजवी पाकळी

सत्तावन्न साली कुडपणला देवीच्या देवळाचं छप्पर शाकारताना वासा निसटला आणि थेट मूर्तीवर आला. काळ्या दगडाची, रेड्याच्या पाठीवर पाय रोवलेली, शेकडो वर्षं तेल पिऊन नाकडोळे गुळगुळीत झालेली आमची आई. तिचा त्रिशूळाचा हात कोपरातून तुटला. भंगलेली मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, डोहात सोडतात. गावच्या मुंबईला कामाला असलेल्यांना नव्या मूर्तीसाठी निमित्तच हवं होतं. त्यांच्यातल्या महिपतीने संगमरवरी मूर्ती एसटीच्या टपावरून पोलादपुरात आणली आणि तिथून माणसांच्या खांद्यावरून वर चढवली.

"जुनी उद्याच सोडूया. फायनल," तो म्हणाला.

"आईला इचारलंस का रे?" माझी थोरली वहिनी राहीबाई म्हणाली.

तिचा जीव त्या दगडात अडकला होता. तिचा मुलगा सखा मुंबईला गोदीत कामाला गेला तो गेलाच. पुढे ना पत्ता ना निरोप. दर अमावास्येला वहिनी देवीला विचारायची, पोर येईल का? कोंडाजी गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. दर वेळी उजवीच पडायची. मला त्या पाकळ्यांचा संताप यायचा. आम्ही बाकीच्यांनी सखाची आशा केव्हाच सोडली होती.

दुसऱ्या दिवशी गाव जमला. कोंडाजीने पाकळ्या लावून गाऱ्हाणं घातलं, "आई, तू जायला राजी हायस का? हायस तर उजवी दे."

वहिनी डाव्या पाकळीवर डोळे लावून उभी होती.

उजवी पडली.

वहिनीचा चेहरा मला बघवेना. तिला होय म्हणणारं जगात एवढंच उरलं होतं, आणि तेच आता पाण्यात जाणार होतं.

"कोंडाजी, परत लाव," मी म्हणालो. "वाऱ्यानं पडली ती. खोटी हाय."

कोंडाजीलाही दया आली असावी. त्याने नवं फूल उचललं. महिपतीसुद्धा बाजूला सरला.

वहिनी माझ्याकडे वळली. इतकी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"खोटी कशी, भावजी? आजची खोटी, तर माझ्या सखाच्या येळच्या खऱ्या कशा?"

मी मागे सरलो.

तिने कोंडाजीच्या हातातलं फूल काढून घेतलं. खणानारळाने आईची ओटी भरली, पदर खोचला, आणि मूर्ती उचलायला पहिला हात तिनेच घातला.