चाळिसावी फरशी

मी एक जुनी मोझॅकची फरशी आहे. मित्रांनो, 'फरशी' म्हटल्याबरोबर तुम्ही खाली बघितलंत, ते मला कळलं. मान वर करा. मी भिंतीवर राहते, स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर, खिडकीला लागून. माझा डावा अर्धा भाग असा गुळगुळीत आहे की त्यात बघून भांग पाडता येईल. उजवा अर्धा भाग मात्र खरखरीत. घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "ही अशी अर्धवट का?" आणि घरातली दोन माणसं एकमेकांकडे बघून गप्प बसतात. म्हणून म्हटलं, आता आपणच सांगून टाकावं.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. लोखंडी साच्यात आधी संगमरवराचे रंगीत तुकडे कालवलेलं ओलं सिमेंट, त्यावर वाळू-सिमेंटचा जाड थर, आणि मग वरून असा दाब, की त्या आठवणीने अजून पाठ ताठ होते. नंतर काही दिवस पाण्याच्या हौदात उभं राहायचं. माझ्या वाट्याला पांढरे, काळे, पिवळट तुकडे आले आणि बरोबर मधोमध एक लाल. या लाल तुकड्याने मला जन्मभर छळलं आहे. ज्याला त्याला वाटतं, टोमॅटोची साल चिकटली आहे. आजवर किती नखांनी तो खरवडला असेल याची गणतीच नाही. एका मावशींनी तर उलथनं लावून पाहिलं.

आमच्या जातीची एक रीत आहे. कारखान्यातून आम्ही खरखरीतच बाहेर पडतो. आम्हाला आधी जमिनीत बसवतात, मग पॉलिशवाला येऊन आमच्यावर मशीन फिरवतो. आधी बसवायचं, मग घासायचं. हा क्रम पॉलिशवाल्यांच्या हाडीमाशी खिळलेला असतो. आमची सगळी रामकहाणी या क्रमामुळेच घडली.

कारण आमचा मालक पॉलिशवालाच होता. त्याने घासलेल्या जमिनीत तोंड दिसायचं, म्हणून सगळे त्याला 'आरसेराव' म्हणत. शाळा, दवाखाने, कचेऱ्या, सगळीकडे त्याचं मशीन घुमलेलं. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, की त्याच्या स्वतःच्या ओट्यामागची भिंत नुसत्या चुन्याची होती, आणि तेलाने इतकी माखलेली की माशी बसली तर घसरायची. त्याची बायको वर्षानुवर्षं म्हणत होती, "अहो, पुसता येईल अशी भिंत करून द्या." तो म्हणायचा, "करू की." रविवार आला की जेवून कट्ट्यावर दोस्तांकडे जायचा, तो अंधार पडताना परत यायचा. बायकोला रविवारी भांड्यांशी बोलायची सवय लागली होती.

एकदा एका दवाखान्याच्या कामात आम्ही चाळीस जणी उरलो. मोझॅकवर डाग दिसत नाहीत, फडका फिरवला की काम झालं, तेव्हा ही फरशी भिंतीलाच लावावी, असं आरसेरावाच्या मनाने घेतलं. त्याने आम्हाला घरी आणलं. पहिल्या आठ जणी त्याच दिवशी ओळंबा लावून भिंतीवर चढल्या. बाकीच्या आम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी थप्पीत उभ्या, आणि थप्पीच्या शेवटच्या टोकाला मी. तिथून मला सगळं दिसायचं. मी हरखून गेले होते. जन्म पायाखाली जाण्यासाठी झालेला, आणि नशिबाने डोक्याच्या उंचीवर नेऊन बसवायचं ठरवलेलं.

सिमेंट सुकल्यावर तो मशीन घेऊन आला. मित्रांनो, हे मशीन दोन माणसांनी कण्हत कण्हत उचलायचं असतं. ते त्याने ओट्यासमोर ठेवलं. पाणी शिंपडलं. बाह्या सरसावल्या. भिंतीकडे बघितलं. मग मशीनकडे बघितलं. मग पुन्हा भिंतीकडे.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. चहा टाक."

चहा होईपर्यंत त्याला सगळं उमगलं होतं. पंचवीस वर्षं हाच धंदा केलेल्या माणसाला भिंत उभी असते हे आज कळलं होतं. त्याने कप खाली ठेवला आणि दार लावून घेतलं.

"हे कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला. "बाहेर कळलं तर पुन्हा मला कुणी आरसेराव म्हणणार नाही. आणि मुकादमाला कळलं तर मग संपलंच."

मुकादम म्हणजे त्याला कामं देणारा माणूस. मनाने चांगला, जिभेने तिखट. त्याने एकदा कुणाला नाव ठेवलं की ते त्या माणसाला जन्मभर पुरायचं.

मग आरसेरावाने जिद्दच धरली. घासायचा दगड हातात घेतला आणि रविवारी कट्ट्यावर न जाता भिंतीपुढे स्टुलावर बसला. पाणी लावायचं, दगड फिरवायचा, पुसायचं, पुन्हा पाणी. एका रविवारात एक फरशी. आठ झाल्या की पुढच्या आठ भिंतीवर चढवायच्या, आणि त्या सुकल्या की पुन्हा दगड. आधी बसवायचं, मग घासायचं. क्रम म्हणजे क्रम.

आणि मित्रांनो, माणूस दिवसभर एका जागी बसला की बोलायला लागतो. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि मीठ कुठल्या डब्यात असतं हे आरसेरावाला दहाव्या रविवारी कळलं. तो डबा वरच्या फळीवर आहे आणि बायकोचा हात तिथे पोचत नाही, हे अकराव्या रविवारी कळलं. बाराव्या रविवारी फळी खाली आली. बायको काम करताना गुणगुणते, तेही बेसूर, हा शोध त्याला फार उशिरा लागला. तो हसला की ती मुद्दाम आणखी मोठ्याने म्हणायची.

आता एक गुपित सांगते. तिसऱ्याच रविवारी बायको ओट्यावर ताटं आडवी मांडून घासत होती. घासून झालं की एकेक उचलून फळीवर उभं करत होती. अचानक तिचा हात थांबला. तिने ताटाकडे बघितलं, आमच्या थप्पीकडे बघितलं, आणि 'अगंबाई' असं ओठांतल्या ओठांत म्हणाली. भिंतीवर चढायच्या आधीच आम्हाला जमिनीवर आडवं मांडून वरून मशीन फिरवलं असतं, तर आम्ही बत्तीस जणी एका सकाळीत चकचकीत झालो असतो. तिने तोंड उघडलं. तेवढ्यात तो दगड फिरवत म्हणाला, "मग? तुझी ती मैत्रीण पुढे काय म्हणाली?" तिने तोंड मिटलं, आणि मैत्रीण पुढे काय म्हणाली ते सांगायला लागली. तिची चूक होती का? मी तर थप्पीतली फरशी, मी काय न्याय करणार. पण त्या दिवसापासून ती भांड्यांशी बोलेनाशी झाली.

असं करता करता चाळिसावा रविवार उजाडला. भिंतीवर चढून मला आठवडे झाले होते, आता माझी पाळी होती. डावा अर्धा भाग झाला, आणि दारावर थाप पडली.

"आरसेराव, आहेस का? तुझी भिंत बघायला आलोय."

मुकादम. आरसेरावाने कुठेतरी फुशारकी मारली असणार. घरात एकच धावपळ उडाली. दगड तांदळाच्या डब्यात गेला. घासलेल्या सिमेंटचं करडं पाणी पातेल्यात होतं, त्यावर झाकण ठेवून बायकोने ते चुलीवर सारलं. आणि ती स्वतः पाठ टेकून माझ्यापुढे उभी राहिली.

मुकादमाने भिंतीवरून हात फिरवला. "वा. अशी झिलई जमिनीलाही येत नाही. केलीस कशी?"

"मशीननेच," आरसेराव म्हणाला.

"भिंतीवर मशीन?"

"युक्ती आहे एक."

मुकादमाने वास घेतला. "चुलीवर काय आहे, वहिनी? रस्सा का? मग जेवूनच जातो."

"अजून कच्चा आहे," वहिनी जागची न हलता म्हणाल्या.

पण शेजारच्या चुलीवर दूध होतं, आणि दुधाला कुणाच्या अब्रूची पर्वा नसते. ते उतू जायला लागलं तशी ती धावली. मुकादमाला मी दिसले. "वहिनी, इथे टोमॅटो चिकटलाय," असं म्हणत त्याने माझ्या लाल तुकड्यावर बोट घासलं, आणि ते बोट गुळगुळीत भागावरून थेट खरखरीत भागावर गेलं. तो थांबला.

"ही राहिलीय वाटतं," तो म्हणाला. "बरं झालं, आठवण झाली. नव्या खानावळीच्या स्वयंपाकघराच्या चारही भिंती मोझॅकच्या करायच्यात. माल उद्या येतो. तुझं मशीन भिंतीवर कसं चढतं ते सकाळी सगळ्यांसमोर दाखव."

तो गेला. आरसेराव स्टुलावर बसला तो बसलाच. "उद्या सगळे हसतील," तो म्हणाला. "पंचवीस वर्षांचं नाव गेलं माझं."

बायको कितीतरी वेळ पदराशी चाळा करत उभी होती. सांगितलं नाही तर नवऱ्याचं नाव जाणार. सांगितलं तर रविवार जाणार, आणि वर तो काय म्हणेल ते वेगळंच. शेवटी तिने ओट्यावर दोन ताटं आडवी मांडली, त्यांवरून हात गोल फिरवला, आणि ती उचलून फळीवर उभी केली.

"आधी घासायचं," ती म्हणाली. "मग बसवायचं. हलू नयेत म्हणून जमिनीवर चारी बाजूंनी पट्ट्या ठोकायच्या."

तो ताटांकडे बघत राहिला. "आणि भिंतीवर एका पातळीत नाही आल्या तर?"

"मग गवंडी कशाला असतो? चहा प्यायला?"

"हे तुला कधी सुचलं?"

ती खोटं बोलू शकली असती. "तिसऱ्या रविवारी."

मित्रांनो, तेव्हा घरात इतकी शांतता झाली की पातेल्यात सिमेंट खाली बसताना ऐकू आलं. आरसेरावाने आपल्या तळहातावरच्या घट्ट्यांकडे बघितलं. तो उठून बाहेर गेला. बायको भांडी घासायला लागली. त्या संध्याकाळी ती गुणगुणली नाही, आणि मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो कामावरून आला तो दारातूनच सांगत. पट्ट्या ठोकल्या, फरश्या मांडल्या, मशीन फिरवलं, सगळे बघत राहिले. मुकादम म्हणाला, "पण घरी तर भिंतीवर चालवलं म्हणालास?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?" बायकोने हळूच विचारलं.

"खरं ते सांगितलं. भिंतीवर हाताने घासलं, आणि ही युक्ती घरच्या माणसाची. आता कामावर तिला 'वहिनींची पद्धत' म्हणतात." त्याने चपला काढल्या. "मला हसले जरा. हसू देत."

पुढचा रविवार आला. जेवणं झाली. बायकोने त्याच्या चपला दाराशी सरळ करून ठेवल्या. तो मात्र स्टूल ओढून माझ्यापुढे बसला आणि त्याने तांदळाच्या डब्यातून दगड काढला.

"आता कशाला?" ती म्हणाली. "एकच तर राहिलीय. उखडून बाहेर न्या आणि फिरवा मशीन."

"बसवलेली फरशी उखडायची नसते," तो म्हणाला. "आणि मशीन भिंतीवर चढत नाही."

त्याने मला पाणी लावलं आणि दगड फिरवायला सुरुवात केली, माझ्या डाव्या अर्ध्या भागावर. जो आधीच झाला होता त्याच्यावर. उजवीकडे त्याचा हात गेलाच नाही. "आज एवढं पुरे," संध्याकाळी तो म्हणाला. "उरलेलं पुढच्या रविवारी."

त्याला आता किती वर्षं झाली. मशीन दुसऱ्याकडे गेलं, दोघांचे केस पांढरे झाले, दगड झिजून सुपारीएवढा राहिला. बायको खरखरीत भागावर सुरीला धार लावते आणि बेसूर गुणगुणते.

तेव्हा मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्या घरच्या भिंतीवर माझी कुणी बहीण असेल तर तिला लिंबू लावू नका, अ‍ॅसिड तर मुळीच नको, साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरतं. माझा लाल तुकडा खरवडू नका, तो टोमॅटो नाही. आणि कधी या घरी आलात, माझा उजवा भाग बघून तुमचे हात शिवशिवले, तरी त्याला दगड लावू नका. ते काम पुढच्या रविवारचं आहे.