पाठमोरी बाई

मी भित्री आहे, हे माझी आई आणि माझं पोट सोडून कोणालाच माहीत नाही. बाहेर लोक माझी ओळख ‘निर्भीड निर्माती’ अशी करून देतात आणि मी खाली मान घालते. त्यांना तो विनय वाटतो. गटारात उतरून मरणाऱ्यांवर, खाणीत राबणाऱ्या पोरांवर, अर्धवट वयात लग्न लावून दिलेल्या मुलींवर माहितीपट काढण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, आणि त्यातल्या प्रत्येक वेळी माझी पाचावर धारण बसली होती. एवढी घाबरतेस तर शाळेत शिकवायला का गेली नाहीस, असं आई विचारते. मुलांची तर मला जास्तच भीती वाटते, असं मी तिला सांगते.

खरी धास्ती मला माझी नसते, कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसाची असते. मी माहितीपट पुरा करते, टाळ्या घेते आणि पुढच्या विषयाला लागते. ते माणूस मात्र त्याच गल्लीत, त्याच मालकाच्या हाताखाली राहतं. म्हणून ओळख लपवायच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे. माणसाला पाठमोरं बसवते, आवाज बदलते, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा उतरवून ठेवते. आणि एक नियम खास माझा. कामावर ज्या कपड्यांत लोक तुम्हाला रोज बघतात, ते घालून यायचं नाही. ज्यात तुम्हाला तिथे कोणी कधी पाहिलेलंच नाही, असं काहीतरी घाला. या नियमाचा मला कोण अभिमान होता.

या वेळचा विषय होता एक वृद्धाश्रम. नावाजलेला, पुढे बाग असलेला, भेटायला येणाऱ्यांना हसून आत घेणारा. तिथल्या स्वयंपाकघरातली मावशी माझ्याशी बोलायला तयार झाली, कारण तिच्या लाडक्या एका आजोबांना एका सकाळी जागच आली नाही. संध्याकाळच्या सुपात झोपेच्या गोळ्या घालायच्या, म्हणजे रात्री कोणी हाका मारत नाही आणि रात्रपाळीला माणसंही कमी लागतात. आश्रमाच्या संचालकांनी काढलेली युक्ती इतकी साधी होती. मावशी आमच्या कचेरीत कॅमेऱ्याकडे पाठ करून बसली. अंगात जांभळा, हाताने विणलेला स्वेटर. कोणीतरी दिलाय, ट्रंकेच्या तळाशी पडून होता, कामावर कधी घातलाच नाही, असं म्हणाली. मला नेमकं तेच हवं होतं, त्यामुळे मी पुढे काही विचारलं नाही.

तिच्या बोलण्यात जिथे जिथे स्वयंपाकघर आलं, तिथे तिथे आम्ही कात्री चालवली. उरलं ते त्या आश्रमात पाऊल टाकलेल्या कोणालाही सांगता आलं असतं. “सात वाजले की सगळे झोपलेले. एवढी माणसं एकदम सात वाजता कशी झोपतील, ताई? म्हाताऱ्या माणसाला तर झोप येत नाही.”

ज्याच्यावर आरोप आहे त्याला आधी दाखवा आणि त्याचं म्हणणं घ्या, असा वाहिनीच्या वकिलाचा आग्रह होता. म्हणून एका दुपारी संचालक आमच्या संकलनाच्या खोलीत आले. तिथला कारभार घुबडाकडे आहे. आमच्या संकलकाला सगळे घुबड म्हणतात, कारण तो दिवसभर अंधारात बसतो आणि कोणी हाक मारली तर फक्त मान वळवतो. संचालक नीट भांग पाडलेले, मऊ बोलणारे गृहस्थ होते. बसू का, असं विचारून बसले. मी त्यांना माझं कार्ड दिलं, ते त्यांनी कोटाच्या खिशात ठेवलं. पहिली काही मिनिटं ते शांतपणे बघत होते, मधूनच घड्याळाकडे नजर टाकत होते. मग पाठमोरी मावशी पडद्यावर आली आणि त्यांचा चहाचा कप वाटेतच थांबला.

“जरा मागे घ्या,” ते म्हणाले. घुबडाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. “इथे थांबवा.”

ते उठले आणि पडद्याजवळ गेले. स्वेटरच्या पाठीवर मधोमध विणीची एक वेल होती. तिच्यावरून ते हळूहळू बोट फिरवत वर गेले, अगदी मानेपर्यंत. ही बाई तुम्हाला कुठे भेटली, असं त्यांनी विचारलं. ते सांगता येणार नाही, असं मी म्हटलं. माझा आवाज मलाच दुसऱ्या कोणाचा तरी वाटला. नका सांगू, असं म्हणून ते हसले. आरोपांवर त्यांना काही म्हणायचं नव्हतं. जाताना त्यांनी दार अगदी हलक्या हाताने ओढून घेतलं.

“ओळखलं त्याने,” घुबड म्हणाला.

मावशीचा फोन लागेना. आश्रमात कामाच्या वेळी सगळ्यांचे फोन काढून घेतात. घुबडाने गाडी काढली आणि आम्ही आश्रमाच्या मागच्या गल्लीत जाऊन थांबलो. कामकरी माणसं मागच्या दाराने बाहेर पडायला लागली, पण त्यात मावशी नव्हती. आत तिला कुठल्या खोलीत बसवलं असेल, तिच्यासमोर कोण उभं असेल, हे सगळं मला दिसायला लागलं. दृश्यं डोळ्यांसमोर आणण्यातच माझी हयात गेली आहे, त्याचा असा त्रास होतो. शेवटी मावशी आली, डबा हलवत, शेजारणीशी हसत. मी तिला ओढूनच गाडीत घेतलं.

आत तिला कोणी काही बोललं नव्हतं. संचालक दुपारनंतर आश्रमात फिरकलेच नव्हते, थेट घरी गेले होते. मग मी तो प्रश्न विचारला, जो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. स्वेटर कोणी दिला?

“वहिनींनी,” मावशी म्हणाली. “संचालकसाहेबांच्या बायकोने. त्यांच्या सासूबाईंनी विणलेला. अंगाला टोचतो म्हणाल्या, तू घाल. साहेबांच्या आईच्या हातचा, म्हणून मी कामावर घालायला भ्यायचे.”

म्हणजे त्याने आपल्या आईची वीण ओळखली होती. आणि त्या विणीत त्याला दिसली होती आपली बायको.

खोटं कशाला बोलू, आधी माझा जीव भांड्यात पडला. माझी बाई वाचली होती. गाडी पुढचं वळण घेईपर्यंत मी चक्क सुखात होते. मग ते सुख ओसरलं. जी माझ्याशी कधी एक शब्द बोललेली नाही, ती बाई आत्ता त्या मऊ बोलणाऱ्या माणसासमोर उभी होती, आणि तिला तिथे उभं केलं होतं माझ्या अभिमानाच्या नियमाने. तुमची बायको त्यात नाही, असं संचालकांना फोन करून सांगावं, असं माझ्या मनात आलं. पण मग ते बायकोला विचारणार, स्वेटर कोणाला दिलास? फोन हातात घेऊन मी नुसतीच बसले. मागून मावशी म्हणत होती की मीच जाऊन माझं नाव सांगते, गाडी तिकडे घ्या.

तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी होता. पलीकडे नळ सोडल्याचा आवाज आणि त्याच्या आडून एका बाईचं दबकं बोलणं.

“तुमचं कार्ड त्यांच्या कोटात सापडलं. तुम्ही त्यांना फोन केलात का? ती मी नाही, असं सांगितलंत का?”

“नाही,” मी म्हटलं. “अजून नाही.”

“मग करू नका. स्वेटर दाखव म्हणाले. तो कुठेय ते मला माहीत आहे, पण कुठून दाखवणार? शेवटी मीच सांगितलं, हो, ती मीच. तिला सांभाळा तुम्ही. तिच्या मागे कोणी नाही.” मध्येच ती थांबली. नळ वाहत होता. “चिडले नाहीत हो. त्याचीच भीती वाटतेय. स्वयंपाकघरात सूप गरम करतायत. इतक्या वर्षांत कधी पाणीसुद्धा तापवलं नाही.”

“पिऊ नका,” मी म्हटलं. “काहीही पिऊ नका, आम्ही येतोय.” पण फोन कधी बंद झाला, माझं बोलणं तिच्यापर्यंत पोचलं की नाही, ते मला कळलं नाही. परत लावला, तर तो कोणी उचलला नाही.

मावशीला घर माहीत होतं. घुबड एरवी रस्त्यावर मुंगीला वाट देणारा माणूस, पण त्या दिवशी त्याने एकही सिग्नल पाळला नाही. मी पोलिसांना फोन केला. त्यांनी मला घरातल्या सुपाबद्दल नेमकी काय तक्रार आहे, असं विचारलं. मग मी रुग्णवाहिकेला फोन केला आणि बाई बेशुद्ध आहे, असं ठोकून दिलं. हे खोटं ठरू दे, असं वाटेभर मनात घोकत होते. मावशीला गाडीतच थांबायला सांगून मी उतरले.

दार संचालकांनीच उघडलं. खांद्यावर हात पुसायचा टॉवेल होता. या ना, असं म्हणाले, पण दारातून बाजूला झाले नाहीत.

“तिला भेटता नाही येणार,” ते म्हणाले. “झोपलीये.”

त्यांच्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळात सात वाजत होते.

आजवर अशा प्रत्येक दारात माझ्यापुढे कॅमेरा असायचा आणि मी त्याच्या आड असायचे. आज पुढे काहीच नव्हतं. चौकटीवर टेकवलेल्या त्यांच्या हाताखालून मी वाकून आत शिरले.

ती पलंगावर कुशीवर निजली होती, आमच्याकडे पाठ करून. उशाशी रिकामा वाडगा होता. मी तिला उताणं केलं, गालावर चापट्या मारल्या. मला तिचं नावही माहीत नव्हतं, मी नुसतंच अहो, अहो करत राहिले. बऱ्याच वेळाने तिच्या पापण्या हलल्या. जीभ जड झाली होती.

“मी... नाही सांगितलं,” ती म्हणाली आणि डोळे पुन्हा मिटायला लागले.

माझ्या मागून कोणीतरी मला बाजूला केलं. मावशी गाडीत थांबली नव्हती. तिने दोन्ही हातांनी तिला उठवून बसवलं, आपल्या खांद्याशी धरलं आणि तिच्या कानाशी तोंड नेलं, पण बोलली ती सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं.

“वहिनी, झोपायचं नाही. मी आलेय. आता सांगितलं तरी चालेल.”

संचालक खोलीच्या दारात उभे होते. त्यांनी मावशीकडे पाहिलं, आणि मावशीने मान खाली घातली नाही. मी तिच्या आणि त्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. रुग्णवाहिका अजून आली नव्हती.