पायरीवरचं पोर

कारखान्यात तिला सगळे झेरॉक्स म्हणत. गाजलेल्या चित्रांच्या हाताने रंगवलेल्या नकला विकायचा तिथला धंदा, आणि नकलेत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कारखाना थोरल्या भावाचा. दादाचं एकच पालुपद असे, "आपल्याला काही कलाकार व्हायचं नाहीये. समोर दिसतंय ते उतरवायचं आणि गप्प बसायचं." तिला ते मनापासून पटायचं. डोकं चालवायची भानगड नाही, यातच तिला सुख होतं.

अशात एक आजी आली. पिशवीतून तिने जपून एक जुनं कॅलेंडरचं पान काढलं. त्यावर कुणा चित्रकाराने काढलेला दर्गा छापला होता. हिरवा घुमट, पांढरी जाळी, झिजलेल्या पायऱ्या. सगळ्यात खालच्या पायरीवर, चपलांच्या रांगेशेजारी, बोटाएवढं एक पोर बसलेलं होतं.

"हा माझा मुलगा," आजी म्हणाली. "मी तिथे चपला सांभाळायचे. चित्रकार रोज समोर येऊन बसायचा, त्याने यालाही चित्रात घेतलं. मग याला ताप आला आणि गेलाच गं. फोटो काढायची ऐपत कुठे होती? मूळ चित्र कुठे गेलं कुणाला माहीत नाही. हे पान परवा जुन्या शेजाऱ्याच्या ट्रंकेत सापडलं, तर आता माझे डोळे गेलेले. नुसता डाग दिसतो. तू दर्गा दाराएवढा काढ, म्हणजे याचं तोंडही मोठं होईल. एकदा नीट बघते, मग जायला मोकळी."

तिने काम घेतलं आणि घुमटापासून सुरुवात केली. माणसं नेहमी शेवटी, हा कारखान्याचा रिवाज. रंग जुळवायची पद्धतही ठरलेली. रंग कालवायचा, त्याचा ठिपका थेट छापील चित्रावर टेकवायचा आणि बघायचं. ठिपका दिसेनासा झाला की रंग जमला. मग टर्पेंटाइनच्या चिंधीने पुसून टाकायचा. आजकालच्या गुळगुळीत छपाईला त्याने काही होत नाही. घुमटाचा हिरवा, जाळीचा पांढरा, पायऱ्यांचा करडा, सगळे रंग तिने नजरेनेच जमवले होते, कारण ते सोपे होते. अडला तो पोराच्या गालाचा रंग. तिने सवयीने ठिपका टेकवला. तो गालात असा मिसळून गेला की ती स्वतःवरच खूश झाली, आणि त्याच खुशीत तिने चिंधी फिरवली.

चिंधीबरोबर जुनी शाई निघून आली. सदऱ्याच्या कॉलरच्या वर आता कोरा कागद होता.

"दादा!" ती ओरडली. दादाने पान बघितलं, तिला वाट्टेल ते बोलून घेतलं, मग तोच फोन घेऊन बसला. रद्दीवाले, छापखाने, आजीचा तो शेजारी, कुणाकडेही दुसरं पान नव्हतं. ती डोकं धरून आठवायचा प्रयत्न करत राहिली. गालाचा रंग तिला तोंडपाठ होता. पण नाक? ओठ? कित्येक दिवस ते तोंड नाकासमोर होतं आणि या बयेने त्यात फक्त रंग बघितला होता.

शेवटी तिने आजीला फोन लावला. आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "आजी, कसा दिसायचा तो? सहज विचारते."

"चित्रात आहे तसाच की. मी काय सांगू पोरी? इतकी वर्षं झाली, मी सांगायला गेले तर चुकेन. तू बघून काढ."

खरं सांगायला तिने तोंड उघडलं, पण जीभच रेटेना. तिने फोन ठेवला आणि ब्रश घेतला. एक चेहरा काढला, खरवडला. दुसरा काढला, तोही खरवडला. आयुष्यात पहिल्यांदाच समोर काही नसताना काढायचं होतं आणि तिला ब्रह्मांड आठवलं.

"अगं, म्हातारीला धड दिसत नाही," दादा म्हणाला. "बसव कुठलंही पोर."

"तुझं बसवू?" ती त्याच्या अंगावर धावून गेली. पण तिनेही अखेर तेच केलं. कुठलंसं पोर बसवलं. गोड होतं, टपोऱ्या डोळ्यांचं, जरा हसरं.

आजी आली. चित्राला नाक लागेल इतकी जवळ गेली आणि बघतच राहिली.

"असाच होता?" आजीने विचारलं. "त्या पानावर असाच होता ना गं? तुझी नजर चांगली, तूच सांग."

"हो," ती म्हणाली. "अगदी असाच."

आजी तिथेच मटकन खाली बसली. "मग माझ्या डोक्यात कोण होतं? बारीक डोळ्यांचा, वरचा ओठ जरा आखूड, सदा रुसलेला. त्यालाच आठवून मी रडायचे. म्हणजे जन्मभर मी भलत्याच पोराला रडले."

झेरॉक्सचा बांध फुटला. तिने आजीचे पाय धरले. "नाही आजी! तोच खरा. तोच तुमचा. हा मी माझ्या मनाने काढलाय. पान माझ्या हातून पुसलं गेलं. तुम्ही याला बघू नका, त्याला आठवा. तो रुसलेला, बारीक डोळ्यांचा. आठवा ना!"

आजी रागावली नाही. तिने डोळे घट्ट मिटले. ओठ हलत होते. मग तिने चाचपडत झेरॉक्सचा हात धरला.

"मिटले तरी हाच दिसतोय गं," ती म्हणाली. "हसतोय."