आठवा खण आणि बिननावाचं झाड

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खण आहे. कपाट नाही, कपाटाचा खण. आणि तोसुद्धा शेवटचा, आठवा, जमिनीला टेकलेला. माझ्यापर्यंत पोचायला माणसाला गुडघे टेकावे लागतात. त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं माझा असा समज होता की लोक मला फार मानतात.

वरचे सात खण शिसवीचे आहेत. आठव्याच्या वेळी शिसवी संपली. सुतारकाकांनी जरा वेळ दाढी खाजवली आणि फळांचं एक रिकामं खोकं फोडलं. "शेवटचा खण उघडतंय कोण," असं म्हणत त्यांनी मला ठोकून काढलं. फळ्या होत्या तेवढ्याच, म्हणून मी इतरांपेक्षा दोन बोटं आखूड झालो आणि माझ्या पाठीमागे, कपाटाच्या आत, दोन बोटांची फट राहिली. ही फट लक्षात ठेवा. मी ती विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला, जमलं नाही. खोक्यावरची छापील अक्षरंही तशीच राहिली: 'नाजूक माल. आपटू नये.' पण ती माझ्या तळाला, जमिनीच्या बाजूला होती. म्हणजे वाचली तर मुंग्यांनीच. आणि मुंग्यांनी मला खरंच कधी आपटलं नाही.

आमचं कपाट होतं झाडापानांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत, मागच्या अंगणाकडे खिडकी असलेल्या खोलीत. त्यात एकाच घराण्याची मंडळी राहत: बदाम, पीच, जर्दाळू, आलूबुखारा, चेरी आणि त्यांचे लांबचे रानटी नातेवाईक. फळं नव्हेत, नुसत्या आठळ्या. फळं अभ्यासासाठी खाल्ली जात.

खोलीत दोन माणसं. एक सर. ते आठळीकडे असे बघत, जसे आपण परगावी अचानक भेटलेल्या माणसाकडे बघतो: ओळखीचा तर वाटतोय, पण नाव चुकलं तर पंचाईत. दुसऱ्या मावशी. त्या लेबलं लिहीत. शाळेची मुलं आली की माहितीही मावशीच सांगत, कारण सर बोलू लागले की मुलं खिडकीबाहेर बघत.

"हे बघा बाळांनो," मावशी म्हणत, "पीचचा आपण गर खातो आणि आठळी फेकतो. बदामाचा गर फेकतो आणि आठळी फोडून आतलं बी खातो. घराणं एकच, खोड आपली." मग त्या एकेक आठळी मुलांच्या हातावर ठेवत. पीचची आठळी सुरकुतलेली, मुलीचं लग्न ठरत नसलेल्या बापाच्या कपाळासारखी. बदामाची सपाट, अंगभर टाचणीने टोचल्यासारखी. जर्दाळूची गुळगुळीत, पण एका कडेला धार. आलूबुखाऱ्याची चपटी. चेरीची गोल, खिशात टाकून न्यावी अशी. आणि मुलं ती नेतही असत.

आता त्यांच्या आडनावांची गंमत सांगतो. शास्त्रात झाडाचं आडनाव आधी लिहितात आणि नाव मागून. मी नवा होतो तेव्हा आमच्या कपाटात बदामाचं आडनाव वेगळं, पीचचं वेगळं, चेरीचं वेगळं. काही वर्षांनी बाहेरून एक जाडजूड पुस्तक आलं. सरांनी ते आठवडाभर वाचलं आणि म्हणाले, "मावशी, ही सगळी एकच आहेत." मावशींनी सातही खणांची लेबलं खरवडली आणि सगळ्यांना प्रूनस हे एकच आडनाव दिलं. वाटण्या झालेलं घर एका दुपारी पुन्हा एकत्र झालं. मग आणखी एक पुस्तक आलं. सर म्हणाले, "आडनाव एकच, पण आत पोटशाखा आहेत." म्हणजे घर एक, चुली वेगळ्या. मावशींनी पुन्हा गोंद कालवला. "यांचं ठरलं की मला एकदाच काय ते सांगा," त्या म्हणाल्या. "बोटं चिकटलीत माझी."

या सगळ्या धामधुमीत माझं लेबल मात्र पहिल्या दिवशी होतं तेच राहिलं. माझ्यावर लिहिलं होतं 'इतर'. विद्वानांचे कितीही मतभेद होवोत, इतर ते इतरच.

ते माझे भरभराटीचे दिवस होते, मित्रांनो. जे कुठेच बसत नसे ते माझ्याकडे येई. लेबल गळून पडलेल्या आठळ्या आल्या. मावशींची पक्कड आली, चष्म्याची तुटकी काडी आली, सरांच्या डब्याचं झाकण आलं. एकदा कुठल्याशा मुलाने एक काचेची गोटी टाकली. सरांनी ती दोन दिवस भिंगाखाली पाहिली आणि 'चेरीशी बरंच साम्य' अशी चिठ्ठी लावून परत ठेवली. ती चिठ्ठी मी कुणाला दाखवली नाही. घरातल्या गोष्टी घरात राहाव्यात.

आणि मग माळीबुवा आले.

माळीबुवा त्या अंगणाचे माळी. कुठलं झाड कुठे लावायचं याची यादी त्यांना ऑफिसातून येई. एके वसंतात ते मातीचे हात धोतराला पुसत सरांपुढे उभे राहिले. त्यांच्या हातात एक मोठी काडेपेटी होती.

"सर, अंगणातल्या बदामाखालून मी पाचसहा वर्षांमागे आठ आठळ्या उचलून लावल्या होत्या. तीन फुटल्या. दोन बदामासारख्याच झाल्या. तिसरीचं झाड वेगळंच निघालंय."

"वेगळं म्हणजे?"

"फळ वरून पीचसारखं, लव असलेलं. पण आत गर कसला, चामडंच. आणि पिकलं की बदामासारखं आपसूक उकलतं. चाखून बघितलं मी."

"कसं लागलं?"

"थुंकलो. पण झाड देखणं आहे."

काडेपेटीत तीन आठळ्या होत्या: एक जुन्या बदामाची, एक त्याच्या शेजारच्या पीचची आणि एक या नव्या झाडाची, धड सुरकुतलेली नाही आणि धड टोचलेली नाही. शिवाय एक चिठ्ठी होती. कुठून उचलली, कधी लावली, शेजारी काय होतं, सगळं तारखेसकट.

सरांचे डोळे चमकले. पण त्याच वेळी मावशी चहाचे कप घेऊन आत आल्या. सर म्हणाले, "ठेवा इतरमध्ये. चहा झाला की बघतो."

माळीबुवांनी काडेपेटी माझ्या अगदी मागच्या कडेला जपून ठेवली. मावशींच्या दोन्ही हातांत कप होते, म्हणून त्यांनी मला पायाने ढकललं. मी आपटलो. काडेपेटी उडाली, माझ्या मागच्या फळीवरून पलीकडे गेली आणि फटीत पडून तिरकी अडकली.

चहा झाला. सरांनी मला उघडलं. काडेपेटी नव्हती.

सरांना वाटलं, माळीबुवांनी परत नेली. माळीबुवांना वाटलं, सरांनी हरवली. दोघेही सभ्य, म्हणून वर्षभर कुणी विषय काढला नाही. मला सगळं ठाऊक होतं, पण खणाला तोंड असलं तरी बोलता येत नाही. त्या दिवसापासून मी पुरता बंद होईना. दोन बोटं बाहेरच राहू लागलो, आणि उघडतानाही अडू लागलो. "लाकूड फुगलंय," असं ठरलं आणि येता-जाता जो तो मला लाथ घालू लागला. पुरता बाहेर काढून कुणी बघितलं नाही, कारण आत एक खुंटी होती आणि मला उचलून, तिरका करून काढावं लागे. तेवढी फुरसत लाथेला लागत नाही.

जुना बदाम वाळला. शेजारचा पीच वादळात पडला. ती दोन बदामासारखी रोपं वाळवीने खाल्ली. उरलं ते एकटं झाड, बरोबर आमच्या खिडकीसमोर. त्याच्या बुंध्यावर सरांनी पत्र्याची पट्टी लावली: 'नाव ठरायचंय.'

ठरेना. सर सोमवारी म्हणत, "पानं बदामाची आहेत." गुरुवारी म्हणत, "फूल पीचचं वाटतं." माळीबुवा खिडकीतून ऐकत.

"दोन्ही आहे, सर. आई बदाम, बाप पीच. मधमाश्यांनी जमवलेलं."

"मलाही तसंच वाटतं, माळीबुवा. पण कशावरून?"

"मी लावलंय त्यावरून."

"ते तोंडी झालं."

"काडेपेटीत लिहून दिलं होतं."

मग दोघेही माझ्याकडे बघत. मित्रांनो, त्या नजरेपेक्षा लाथ बरी.

अशी एकोणीस वर्षं गेली. तरीही खरं सांगायचं तर ती वर्षं मला आजही आठवतात. दर वसंतात ते झाड फुलायचं, फिकट गुलाबी, पान यायच्या आधी. खिडकीतून पाकळ्या आत यायच्या. इतर सात खण घट्ट बंद. मी मात्र दोन बोटं उघडा, त्यामुळे पाकळ्या थेट माझ्यात पडायच्या. मावशी रोज त्या झाडत आणि झाडता झाडता दोनचार माझ्यातच ठेवून देत. "असू दे," म्हणत. "इतरच आहे ना." माळीबुवा नोकरीतून सुटले, तरी सकाळी येऊन झाडाखाली बसत. सरांचे केस पांढरे झाले. गोटी मात्र जशी होती तशी.

मग एके दिवशी ऑफिसातले यादीवाले साहेब आले. मागच्या अंगणात गाड्यांसाठी छप्पर घालायचं होतं. नियम साधा होता: नाव असलेलं झाड राहील, बिननावाचं जाईल. ते आपोआप उगवलेलं धरायचं.

"याचं नाव?" साहेबांनी विचारलं.

"ठरायचंय," मावशी म्हणाल्या.

"कधीपासून?"

"एकोणीस वर्षं."

"मग आता कशाला घाई करता," साहेब म्हणाले आणि यादीवर खूण केली. मंगळवारी दहा वाजता तोडणारे येणार होते.

मावशी सरांच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. "लिहून टाका काहीतरी. बदाम लिहा."

"खोटं नाव लिहून वाचवू?"

"मग खरं लिहून वाचवा."

"खरं कुठे लिहिलेलं आहे, मावशी? मी चुकीचं लिहिलं तर पुढचे लोक पन्नास वर्षं तेच धरून चालतील."

"झाडच राहिलं नाही तर कशाला धरतील?"

सरांनी पेन उघडलं आणि परत बंद केलं. चूक होईल या भीतीने माणूस किती मोठी चूक करू शकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

मंगळवारी माळीबुवा नऊ वाजताच आले. त्यांनी कुणाशी भांडण केलं नाही. "ती पट्टी तेवढी काढून घेतो," ते मावशींना म्हणाले. "तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या यादीतली झाडं लावली. हे एकच माझ्या मनाने लावलं. पक्कड कुठे आहे?"

"इतरमध्ये. लाथ घातल्याशिवाय उघडायचा नाही हं तो."

माळीबुवा माझ्यापुढे गुडघे टेकून बसले. पण ते माळी होते. अडलेलं रोप कुंडीतून ओढून काढायचं नसतं, हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं. त्यांनी मला हळूच उचललं, जरा हलवलं, तिरकं केलं आणि खुंटीवरून अलगद बाहेर घेतलं. आतला पसारा सतरंजीवर ओतला आणि मला उलटं करून बघितलं.

"मावशी, याच्यावर 'आपटू नये' असं लिहिलंय."

"कुठे?"

"तळाला."

 मावशींनी आपला पाय जरा मागे घेतला. माळीबुवांनी वाकून कपाटाच्या पोकळीत हात घातला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला. हात बाहेर आला तेव्हा त्यात काडेपेटी होती.

सरांनी चिठ्ठी तीनदा वाचली. तिन्ही आठळ्या भिंगाखाली ओळीने मांडल्या. बाहेर दहाचे टोले पडले. साहेब तोडणाऱ्यांना घेऊन दारात आले. एवढ्यात चहाही आला.

"सर, चहा," मावशी म्हणाल्या.

"चहा नंतर. आधी हे," सर म्हणाले. इतक्या वर्षांत मी हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

त्यांनी लिहिलं: बदाम, मध्ये संकराची फुली, मग पीच. खाली पुरावा म्हणून माळीबुवांचं पूर्ण नाव आणि चिठ्ठीची तारीख. साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "यावर फुली आहे. म्हणजे तोडायचं ना?"

"म्हणजे आईबाप दोन आहेत," मावशी म्हणाल्या. "तुम्हालाही आहेत. बसा, चहा घ्या."

तोडणाऱ्यांनी झाडाखाली बसून चहा घेतला. सावली बरी आहे म्हणाले आणि गेले. सर माळीबुवांपाशी गेले. "एकोणीस वर्षं तुम्ही सांगत होतात," ते म्हणाले.  माळीबुवांनी आपला कप त्यांच्या हातात दिला.

मित्रांनो, पुढे लोखंडी कपाट आलं. शिसवीचे सात खण दिवाणखान्यात शोभेला गेले. मला सरपणात टाकायचं ठरलं, कारण आता संस्थेत 'इतर' असं काही ठेवायचं नाही असं साहेबांचं मत पडलं. माळीबुवा मला काखेत मारून अंगणात घेऊन गेले. त्यांनी माझ्यात माती भरली आणि त्या झाडाच्या आठ आठळ्या पेरल्या. मावशींनी झाडावरून काढलेली ती पत्र्याची पट्टी माझ्या कडेला ठोकली. हळू ठोकली.

आठांपैकी दोन फुटल्या आहेत. त्या आजीवर गेल्या आहेत की आजोबांवर, ते अजून कळत नाही.

जाता जाता एवढीच विनंती. जे कुठल्याच खणात बसत नाही ते फेकू नका, त्याच्यासाठी एक खण ठेवा. जो उघडत नाही त्याला लाथ घालण्याआधी एकदा उचलून बघा, कदाचित तळाला काही लिहिलेलं असेल. ज्याने झाड लावलंय त्याला विचारा, आणि तो सांगेल ते त्याच दिवशी लिहून ठेवा. 'चहा झाला की बघतो' असं म्हणालात तर चहा झाल्यावर बघा. चहा काही एकोणीस वर्षं चालत नाही.

सर रोज सकाळी येतात, गुडघे टेकतात आणि माझ्यात वाकून बघतात. ते मला मानत नाहीत, कोंब बघतात, हे मला आता कळतं. सोमवारी ते बदाम म्हणतात. गुरुवारी मात्र ते काहीच म्हणत नाहीत. शेजारी बसलेल्या माळीबुवांना विचारतात आणि वही उघडतात.