बुधवारची गाडी

पोलिसांचं पत्र आलं तेव्हा विनिफ्रेड रिमर बटाटे सोलत होती. हात पुसून तिनं पाकीट फोडलं, चष्मा लावला आणि उभ्यानंच वाचलं. मग खुर्ची ओढून बसली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

चार मार्च, बुधवार. सकाळी दहा वाजून बावन्न मिनिटं. मिल्टन रोड, वेगाची मर्यादा तीस मैल, गाडीचा वेग अडतीस. त्या वेळी गाडी आपण चालवत होतात, असं गाडीच्या नोंदणीकृत मालकानं कळवलं आहे. अठ्ठावीस दिवसांच्या आत उत्तर द्यावं.

गाडी तिचीच होती, म्हणजे अर्धी. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा हॅरल्ड गेला आणि त्याच हिवाळ्यात शेजारच्या मॉयराच्या नवऱ्याला, फ्रँकला, काही आठवेनासं झालं. तेव्हा दोघींनी निम्मे निम्मे घालून ही छोटी निळी गाडी घेतली. कागदांवर नाव एकाचंच लागतं. त्या दिवशी विनीचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून मॉयरानं सही केली. इतकी साधी गोष्ट. विमा दोघींच्या नावावर. मॉयराच्या स्वयंपाकघराच्या दारावर कॅलेंडर होतं आणि त्याखालच्या खिळ्याला किल्ली. सोमवार, बुधवार, शुक्रवार विनीचे, बाकीचे मॉयराचे. रविवारी दोघी मिळून देवळात मिस्साला. सहा वर्षांत कधी कुरबूर झाली नव्हती.

पण बुधवारी विनी गाडीत बसलीच नव्हती.

हॅरल्डच्या मागे तिनं एक नेम धरला होता. उपासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, दर बुधवारी संध्याकाळ होईतो चाकाच्या कुठल्याही वाहनात पाय ठेवायचा नाही. मागच्या गल्लीनं निघायचं, शेतांच्या कडेनं चार मैल चालत मरियामातेच्या विहिरीपर्यंत जायचं, जपमाळ पुरी करायची आणि चालतच परतायचं. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. फादरना नाही की मॉयरालाही नाही. सांगितलं की नेमातलं निम्मं आपल्याकडेच राहतं, वर पोचतच नाही, असं तिला वाटे.

‘कचेरीतल्यांनी नावांची अदलाबदल केली असणार,’ असं मनाशी म्हणत ती पत्र घेऊन तीन घरं ओलांडून गेली.

मॉयरा कपड्यांना इस्त्री करत होती. फ्रँकचे पायजमे. पत्राकडे तिनं नीट पाहिलंही नाही.

“हो अगं, मलाच आलं होतं आधी ते. सांगणारच होते तुला. बुधवार तुझा ना, म्हणून तुझं नाव दिलं. द्यावंच लागतं, कायदाच आहे तसा.”

“पण मी नव्हते गं गाडीत.”

“विनी.” मॉयरानं इस्त्री उभी केली. “कॅलेंडर बघ. तुझ्याच अक्षरात आहे.”

“ते वर्षभराचं लिहिलेलं असतं. त्या दिवशी मी गाडी नेलीच नाही.”

“मग कुठे होतीस?”

पाच वर्षांचा नेम विनीच्या जिभेच्या टोकावर येऊन थांबला.

मॉयरानं तिचा हात हातात घेतला. “बघ, आठवत नाही ना? होतं गं असं. त्या दिवशी अंड्यांचं पातेलं जाळलंस, ते तरी कुठे लक्षात होतं तुझ्या? घाबरू नकोस, काही मोठं नाहीये. तुझं लायसन कोरं करकरीत. चार तास एका वर्गात बसवतात, वेगाबद्दल चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतात, बिस्किटं देतात नि सोडतात. लायसनवर दंडाचे गुण नाहीत की काही नाही. फॉर्म भर आणि मोकळी हो.”

विनी घरी आली. सोललेले बटाटे काळे पडले होते. ती बुटांपाशी गेली. तळांना शेतातला चिखल वाळलेला होता. पण तो कुठल्या बुधवारचा? रात्री जपमाळेचे मणी सरकवताना ती दोनदा चुकली, आणि पहिल्यांदाच तिला त्या चुकण्याची भीती वाटली. खरंच गेले असेन का मी? देवळात आदल्याच रविवारी फादरनी वेदीची वस्त्रं धुवायचं काम तिच्याकडून काढून घेतलं होतं, अगदी मायेनं. “थोडी विश्रांती घ्या, विनिफ्रेड. मॉयराला काळजी वाटते तुमची.” बावीस वर्षं ती वस्त्रं तिनं धुतली होती. तेव्हा तिला वाटलं होतं, मैत्रीण असावी तर अशी.

मंगळवारी ग्रंथालयात फुकट कायदेशीर सल्ला मिळे. टेबलामागे झुबेदा मुन्शी नावाची तरुण वकीलबाई बसायची, डोक्याला करडा रुमाल, शेजारी चहाचा मग.

“मिसेस रिमर, मालकानं नाव दिलं म्हणजे तुम्ही दोषी ठरलात असं नाही,” ती म्हणाली. “आता प्रश्न तुम्हाला विचारलाय, उत्तर तुमचं. मात्र उत्तर द्यावंच लागेल. गप्प बसलात तर तो वेगळा गुन्हा, दंड मोठा आणि सहा गुण. आणि नसताना ‘मीच होते’ म्हणून सही केलीत, तर तो त्याहून मोठा. त्यापायी नवरा-बायको तुरुंगात गेलेत, वेगापायी नाही.”

“आणि मलाच आठवत नसेल तर?”

झुबेदानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. “तर फोटो मागायचा. तो तुमचा हक्क आहे. पत्रावरचा नंबर सांगा, इथेच बघू.”

पडद्यावर फोटो उघडला. गाडी मागून टिपलेली, चालवणाऱ्याचा चेहरा नाही. रस्त्यावर पांढऱ्या रेघा, निळी गाडी, नंबर स्वच्छ. आणि मागच्या काचेतून दिसणारी एक पिवळीधमक पिशवी, तोंडाला गाठ मारलेली.

फ्रँक ज्या शुश्रूषागृहात होता तिथे घरचे धुतलेले कपडे पिवळ्या पिशवीतच न्यावे लागत. दुसरी पिशवी ते दारातूनच परत करत.

डोकं ठिकाणावर असल्याचा आनंद विनीला झाला, पण तो पुरता एक श्वासभरही टिकला नाही. त्याच श्वासात तिला फादर आठवले, त्यांचा मायाळू स्वर आठवला, आणि तारखा एकापुढे एक येऊन उभ्या राहिल्या. पत्रातल्या तारखांप्रमाणे मॉयराला पहिलं पत्र आलं नवव्या-दहाव्या तारखेला. वेदीची वस्त्रं काढून घेतली पंधराव्याला. मध्ये पाच दिवस. पाच दिवस मॉयरा जिथेतिथे जाऊन काळजी पेरत होती.

“पाणी देऊ?” झुबेदानं विचारलं.

“नको. तिनं आता स्वतःहून लिहून कळवलं तर? चुकून दुसरं नाव दिलं, असं?”

“लवकर कळवलं तर बरं. तुमचं उत्तर पोचायच्या आधी. हमी नाही देता येणार, पण बरं.”

त्या दुपारी विनी मॉयराच्या दारात उभी राहिली. आत गेली नाही.

“पिवळी पिशवी दिसते फोटोत,” ती म्हणाली.

मॉयरानं बाहेर उभ्या गाडीकडे पाहिलं. मग म्हणाली, “तू या दिवसांत बुधवारी गाडी नेतच नाहीस. उभीच असते. मला वाटलं, अंथरुणातून उठत नसशील, हॅरल्डची आठवण येत असेल.”

“मी चालत जाते. विहिरीपर्यंत. पाच वर्षं झाली.”

शब्द तोंडातून गेले आणि विनीला आतून काहीतरी रिकामं झाल्यासारखं वाटलं.

“पाहिलं कोणी तुला?” मॉयरानं विचारलं.

इतक्या पटकन विचारलं की तिचं तिलाच लागलं असावं; तिनं चेहरा फिरवला. “तसं नव्हतं म्हणायचं मला. विनी, माझे नऊ गुण झालेत. आणखी तीन झाले की सहा महिने लायसन जातं. त्या दिवशी शुश्रूषागृहातून फोन आला, फ्रँक रडायचा थांबत नाहीये म्हणून. अडतीसनं गेले. तू असतीस तर पन्नासनं गेली असतीस.”

“गेले असते.”

“मग? तुला चार तास, नि मला सहा महिने. बसनं दोन बदलाव्या लागतात तिथे जायला. मी गेले नाही दोन दिवस, तर तो मला ओळखत नाही तिसऱ्या दिवशी.”

“मला विचारायचंस.”

“विचारलं असतं तर खोटी सही दिली असतीस? तू?”

“सही नसती दिली. रोज नेलं असतं तुला गाडीनं. सहा महिने काय, सहा वर्षं.” विनीचा आवाज चढला नाही, तो कधीच चढत नसे. “आणि तेही जाऊ दे. तू फादरना सांगितलंस की मी विसरते.”

“काळजीनं सांगितलं.”

“पत्र आल्यावर काळजी वाटली?”

मॉयरानं दाराची कडी धरली. “आता तू मला कोर्टात उभी करणार. उपास करतेस, माळा ओढतेस, आणि म्हातारीला कोर्टात उभी करणार. छान गं.”

“माझं पत्र उद्याच्या टपालात टाकते, पावणेपाचच्या. तू आज लिही. तुझं आधी पोचू दे. चूक झाली म्हण, आणखी काही लिहू नकोस. फोटोचं मी कोणाला बोलणार नाही.”

दार लागलं. जोरात नाही, हळूच, आत कुणी झोपलं असावं तसं.

विनीनं स्वयंपाकघराच्या टेबलावर फॉर्म भरला. ‘मी गाडी चालवत नव्हते. गाडी मॉयरा गिलो यांच्याकडे होती.’ त्या ‘यांच्याकडे’वर पेन अडखळलं. चाळीस वर्षांत तिनं मॉयराचं आडनाव लिहिलेलं नव्हतं. नाताळच्या कार्डावरही नुसतं ‘मॉ’ असायचं.

दुसऱ्या दिवशी ती विहिरीला निघाली तेव्हा फॉर्म कोटाच्या खिशात होता. बुधवारच होता. नेम तोंडातून गेला होता, पण पाय तसेच निघाले. परत येऊन साडेचारला ती कोपऱ्यावरच्या लाल टपालपेटीपाशी उभी राहिली. दोघींच्या गल्लीतून एक कुत्रा घेतलेला माणूस आला, मग शाळेतून येणाऱ्या दोन मुली आल्या. टपालवाला आला, पेटी उघडली, पोत्यात सगळं ओतलं.

“आणखी आहे का काही, आजी?”

तिनं गल्लीकडे एकदा पाहिलं आणि पाकीट त्याच्या हातात दिलं.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातला बुधवार उजाडला. विनी मिल्टन रोडच्या कडेनं चालली होती. शेतांत पाणी साचलं होतं म्हणून रस्त्याचा वळसा. दहा वाजत आले होते. मागून ओळखीचा आवाज आला, त्या गाडीच्या इंजिनाला थंडीत एक खोकला यायचा. निळी गाडी शेजारून गेली. मागच्या काचेत पिवळी पिशवी. आरशात मॉयराचे डोळे तिच्याकडे लागलेले होते. चिखलाच्या बुटांकडे, हातातल्या माळेकडे. यात शंका नव्हती.

थोडं पुढे जाऊन गाडीचे मागचे लाल दिवे लागले.

विनी थांबली. दिवस तिच्या नेमाचा होता, चाकाला पाय लावायचा नव्हता, तरी तिचा हात आपसूक वर गेला आणि पाऊल जरा घाईनं पडलं.

गाडी हळू झाली, अगदी हळू, खांबावरच्या वेग टिपणाऱ्या पिवळ्या कॅमेऱ्याखालून सरकली आणि पुढे गेल्यावर दिवे विझले. मॉयरा वेग वाढवत वळणाआड निघून गेली.

विनीनं हात खाली घेतला. कुठल्या मण्यावर होते ते तिला आठवत नव्हतं, म्हणून तिनं पहिल्या मण्यापासून सुरुवात केली.