चढावर दोन बेल

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक रिकामी बस समोर आणा. डोळे मिटून वाचणार कसं म्हणता? बरं, उघडेच ठेवा. बस रिकामी म्हणजे अगदी रिकामी. सगळी बाकं ओस आणि सगळ्यात मागच्या बाकावर तुम्ही एकटे. बस उभी आहे चांगल्या उभ्या चढावर, नाक वर आणि शेपूट खाली. मागच्या काचेतून पाहिलं की थेट उताराचा तळ दिसतो. पुढचं बाक घट्ट धरलंत ना? हं, तस्संच. आता उठा, आणि त्या जागी एका मुलीला बसू द्या.

डेपोत तिला सगळे खारूताई म्हणत, कारण तिच्या गालात कायम शेंगदाणे भरलेले असत. आज गाल रिकामे होते. दूर पुढे, स्टिअरिंगमागे, तिची आई बसली होती.

आई कंडक्टर होती, कितीतरी वर्षं. पण आता दाराशीच तिकिटाचं यंत्र आलं होतं. वरून निरोप आला, 'गाडी चालवायला शिका, नाहीतर घरी बसा.' आई शिकायला लागली. मोकळ्या मैदानात तिची गाडी झकास चालायची. चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवायची म्हटली, की मात्र तिच्या हातापायांतलं बळ जायचं. ब्रेक सुटणं आणि इंजिनाने ओढ घेणं, यांची एकाच क्षणी गाठ पडावी लागते. ती चुकली, की गाडी मागे घसरते. आज त्याचीच परीक्षा होती. जमलं तर आई ड्रायव्हर, नाही तर नोकरी गेली.

"आई, घसरली तर?" सकाळी खारूताईने विचारलं होतं.

"तर ब्रेक मारीन. मान हलवू नकोस," आई तिची वेणी घालत म्हणाली. पण कंगवा तिच्या हातून दोनदा पडला.

शाळेला सुट्टी, बाबा कामावर, म्हणून खारूताई बरोबर आली होती. परीक्षा घेणाऱ्या साहेबांना सगळे पाठीमागे भोंगा म्हणत. त्यांनी तिला शेवटच्या बाकाकडे बोट दाखवलं. "तिथे बसायचं. तोंडातून चकार शब्द नको!"

मग ते आईशेजारी उभे राहिले. "बाई, घाबरलात का?"

"नाही, साहेब."

"मग गाडी का थरथरतेय? इंजिन तर बंद आहे!" आणि ते स्वतःच खो खो हसले.

आईने इंजिन सुरू केलं. मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावलेला होता. क्लीनरकाका तो काढायला खाली वाकले. ते बाजूला होऊन शिट्टी देतील, आणि मगच गाडी हलवायची, असं ठरलं होतं. खारूताईला काचेतून काकांची फक्त पाठ आणि टोपी दिसत होती. ठोकळा घट्ट बसला होता. काका ओढत होते, पुटपुटत होते.

साहेबांना धीर कुठला! त्यांनी खिशातून किल्ल्या काढल्या आणि काकांना ऐकू जावं म्हणून लोखंडी दांड्यावर आपटल्या. टण, टण. "अरे, आटप की!"

दोन बेल म्हणजे गाडी हलवा. आईने आयुष्यभर हेच वाजवलं होतं. डोक्यात विचार यायच्या आधीच तिचा हात हँडब्रेककडे गेला आणि ब्रेक सुटला.

नेमका त्याच क्षणी ठोकळाही सुटला होता. काका तो उचलायला अजून वाकलेलेच होते. आणि काचेतला रस्ता हलू लागला. काकांची टोपी जवळ यायला लागली. हळू, अगदी हळू, पण जवळच.

खारूताईने ओरडण्यासाठी तोंड उघडलं. आवाजच फुटेना. ती बाकावर चढली, छताजवळची बेलची दोरी तिच्या हाताला लागली आणि तिने ती सगळा जीव एकवटून ओढली.

टण.

एकच बेल. एक बेल म्हणजे थांबा. आईचा पाय ब्रेकवर असा आदळला, की साहेब दांड्याला मिठी मारूनच सावरले. गाडी थांबली. काका बाहेर सरकले, टोपी झटकली, आणि गटाराच्या कडेला मटकन बसले.



"किल्ल्या मी वाजवल्या," साहेब म्हणाले. भोंग्याचा आवाज आज पहिल्यांदाच खाली आला होता. "ही खेप धरायची नाही. पुन्हा करा. पण ही शेवटची हं, बाई."

"नको, साहेब." आईचे दोन्ही हात हँडब्रेकवर घट्ट होते. "माणूस गेला असता माझ्या हातून. मला नाही जमायचं."

काका खिडकीपाशी आले. चेहरा पांढराफटक, पण आवाज नेहमीचाच तिरकस. "गेला असता ना? गेला नाही. आणि आता मी बाजूला उभा राहणार, मागे नाही. एवढी अक्कल आली मला. चालव, वहिनी."

आईने आरशात मागे पाहिलं. "खारे, तू खाली उतर."

खारूताईला उतरायचंच होतं. पण पाय हलेनात, म्हणून ती बसूनच राहिली. "उतरता येत नाहीये," ती कशीबशी म्हणाली.

"मग घट्ट धर," आई म्हणाली.

काकांनी शिट्टी दिली. इंजिन घुमलं, गाडीने किंचित मान वर केली, आणि मग ब्रेक सुटला. खारूताईने काचेतून खालचा रस्ता पाहिला. तो जवळ आला नाही. तो दूर जात राहिला, चढ संपेपर्यंत.

"सोमवारपासून कामावर," साहेब कपाळ पुसत म्हणाले. "ड्रायव्हर म्हणून. आता गाडी खाली न्या. उतारावर आणखी सांभाळायला लागतं, ध्यानात आहे ना?"

आईने मान हलवली. तिच्या ओठांवरचा घाम अजून वाळला नव्हता.

दार उघडलं. खारूताई दांडे धरत धरत खाली उतरली, कडेच्या गवतापाशी गेली आणि भडाभडा ओकली. मागून धापा टाकत चढ चढून आलेल्या काकांनी पाण्याची बाटली पुढे केली. तिने चूळ भरली. एकवार उताराकडे पाहिलं. मग बाहीला तोंड पुसून ती पुन्हा गाडीत चढली आणि आईच्या अगदी मागच्या बाकावर जाऊन बसली.